दिवाडीचा बोंदेरा: जरूर जा, पण पॅकेज घेऊ नका

दिवाडी हे जुन्या गोव्यासमोरचं मांडवी नदीतलं बेट, आणि बोंदेरा हा तिथला झेंड्यांचा उत्सव. तो बघायला माणशी अठराशे रुपये. आम्ही तिघं, म्हणजे पाच हजार चारशे. 'फेरीबोट, बेटावरचा प्रवेश आणि हस्तकलेचा बाजार' असं सांगून पणजीतल्या एका टूरवाल्याने ते आमच्याकडून घेतले. म्हणून आधी हे वाचा. जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीटच नाही. बोंदेराची मिरवणूक गावच्या रस्त्यावरून जाते, तिला कसली आलीय फी? आणि हस्तकलेचा बाजार आम्हाला तिथे दिसला नाही. खाण्यापिण्याचे स्टॉल होते, प्लॅस्टिकची खेळणी होती. आमच्या पैशांत मिळालं ते पणजी ते धक्का एवढंच, दहा-एक किलोमीटर. पणजीच्या कदंबा बसस्टँडवरून जुन्या गोव्याची बस पकडा, व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ चालत धक्क्यावर या.

बोंदेरा असतो ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. पोर्तुगीज काळात इथल्या वाड्यांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, हद्दीवरून भांडणं होत, म्हणून सीमेवर झेंडे रोवले गेले, आणि लोकांनी ते झेंडेच दगड मारून पाडले. पोर्तुगीजांच्या भाषेत झेंडा म्हणजे 'बांदेइरा', त्यावरून हे नाव. आता दगडांच्या जागी फोताश, म्हणजे बांबूची खेळण्यातली बंदूक, आलाय.

तो फोताश मात्र बघाच. पिएदाद गावात एका घराच्या पायरीवर एक आजोबा कोयतीने बांबू तासत बसले होते. वीतभर नळी आणि तिच्यात घट्ट बसेल अशी काठी. एक हिरवं टणक फळ नळीच्या तोंडापर्यंत ढकलायचं, मागून दुसरं घालायचं आणि काठी दाबायची. मधली हवा कोंडते आणि पुढचं फळ फट्टकन सुटतं. मी पैसे काढले तर "मातशें रावात", जरा थांबा, म्हणाले. काठी सैल होती, ती टाकून दुसरी तासली, स्वतः दोनदा उडवून बघितली आणि मगच माझ्या हातात दिली. दोन फोताश शंभर रुपयांना. आख्ख्या सहलीत सार्थकी लागलेले पैसे ते एवढेच.

चित्ररथही वाड्यातल्या पोरांनी स्वतः उभे केलेले असतात. मिरवणूक निघायच्या आधी पोचलात तर बांबू बांधण्यापासून रंगाचा शेवटचा हात मारेपर्यंत सगळं जवळून बघता येतं. आम्ही टूरवाल्याच्या वेळेवर निघालो आणि ते हुकलं. तुम्ही सकाळीच पोचा.

आता परतीचं. बेटावरून जुन्या गोव्याकडे पूल नाही. मिरवणूक संपली की सगळे एकदम धक्क्याकडे निघतात. पिएदादहून धक्क्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजण शेतांमधून जातो. आडोसा नाही, वरून पाऊस, मागून दुचाक्यांचे हॉर्न. ती अर्ध्या-पाऊण तासाची चाल काहीच नाही, खरा त्रास धक्क्यावर. आमच्यासमोर चार बोटी भरून गेल्या. दोन तास चिखलात उभे होतो. टूरवाल्याचा माणूस फोन उचलत नव्हता. म्हणून सांगतो, अंधार पडायच्या आत बेट सोडा, शेवटचा चित्ररथ बघायचा राहिला तरी चालेल. नाहीतर रात्रीचा मुक्काम बेटावरच आधी ठरवून ठेवा. स्वतःची दुचाकी असेल तर रायबंदरचा आणि नार्व्याचा असे आणखी दोन धक्के आहेत. कार बेटावर नेऊच नका.

खरेदी करायची असेल तर आदल्या दिवशी म्हापसा. तिथला शुक्रवारचा बाजार हाच खरा बाजार. जपमाळेसारख्या ओवलेल्या चोरीसच्या (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, मातीची भांडी, बांबूच्या टोपल्या, पेराड म्हणजे पेरूची वडी. सकाळी लवकर गेलो, आरामात फिरलो, कुणी फसवलं नाही. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

रविवार हाताशी असेल तर नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नदीपार नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. आदल्या दिवसाचा सगळा शीण त्या गाभाऱ्यासमोर उतरला.

छत्री नको, गर्दीत उघडता येत नाही. रेनकोट घ्या, पायात पकड असलेल्या सँडल घाला, सुटे पैसे ठेवा. आणि फोताश सकाळीच घ्या. आम्ही परत जाताना आणखी एक मागायला गेलो, तर पायरीवर बांबूच्या ढलप्या तेवढ्या उरल्या होत्या.