तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं करमते का?

गावी लग्नाकार्याला गेलो की पंगतीत प्रश्न येतोच. "काहो, तिकडं करमते का तुमाले?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पावसाळ्यात तं म्हणे गावाचं बेटच होते?" बेट होतं, हे खरं. करमण्याचं उत्तर मात्र पंगतीत देता येत नाही, वाढपी पुढे सरकेपर्यंत ते संपत नाही. म्हणून लिहून टाकतो.

मी दर्यापूर तालुक्यातला, कपाशी-तुरीतला माणूस. बायको आरोग्यसेविका. 2018 साली तिला गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्याही पलीकडचं एक उपकेंद्र मिळालं. शेत ठोक्यानं देऊन मी तिच्या मागं गेलो. नोकरी तिची, बदली माझी. सासरी जाणाऱ्या पोरीला काय वाटत असेल, ते मला वयाच्या चाळिशीत कळलं. वर्षभर गावात माझी ओळख 'सिस्टरचा माणूस' एवढीच होती.

आता बेटाचं. भामरागडला तीन नद्या भेटतात: पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. त्यांत इंद्रावती थोरली. ती ओडिशातून निघते, सगळं बस्तर धुऊन आणते. तिला पूर आला की बाकीच्या दोघींचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. त्यामुळे आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं आणि पर्लकोटेच्या पुलावरून पाणी चाललेलं असतं. पाऊस तिकडं बस्तरात पडलेला, वाट इकडं बंद. आणि आमच्या गावाला तर भामरागडला पोचायच्याच आधी दोन नाले आडवे. माझ्यासारख्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखातल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. दर्यापुराकडं पाणी म्हणजे विहिरीतलं मचूळ, न पिण्याजोगं, न ओलिताचं. पाण्यानं माणूस अडतो तो नसल्यामुळे, हेच मला जन्मभर माहीत.

पहिल्या वर्षी मी हुशारी केली. पावसाळ्याआधी अशा गावांना तीन-चार महिन्यांचं रेशन पोचवून ठेवतात, ते आलंच होतं. त्याउपर मी घरून ज्वारी आणली, तूरडाळ, तेलाचे पिपे, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, साबण, सगळं. कुणाच्या दारात जायची पाळी येऊ नये, असं आमच्याकडं बापानं शिकवलेलं. आली नाही. आणि माझ्याही दारात कुणी आलं नाही. बायकोकडं यायचे, ताप तपासायला, लेकराला डोस द्यायला. मी ओसरीवर बसून जुना पेपर तिसऱ्यांदा वाचायचो. समोरून जाणारा "जोहार" म्हणायचा, मी "जोहार" म्हणायचो. मग पुढं काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नसायचं. तिथल्या आदिवासींची माडिया भाषा काही कानात शिरेना. पोरांनी पाण्याला 'येर' म्हणायला शिकवलं, त्या एका शब्दावर मी दोन महिने काढले.

धानाच्या कामाला जाऊन बघितलं. कपाशीवाल्याचे हात चिखलात काय कामाचे? बायका हसून हसून बेजार झाल्या. हे वाया गेलं नाही, पण ते करमणंही नव्हे.

2019 चा पावसाळा वाईट गेला. भामरागडच्या बाजारात पुन्हा पुन्हा पाणी शिरलं. बायको मिटिंगला तालुक्याला गेली आणि तिकडंच अडकली, नाले उतरेनात. इकडं कवेलू सरकून नेमकी मिठाच्या पोत्यावर धार लागली. सकाळी उठलो तर खालच्या फरशीवर नुसतं खारं पाणी. डाळ शिजवली, तोंडात घालवेना. विहिरीच्या पाण्यालाही मिठाची चव असलेल्या मुलखातला माणूस, मिठाला महाग झालो.

दोन दिवस अळणी खाल्लं. तिसऱ्या दिवशी, तेही दिवेलागणीला, शेजारच्या आजीकडं गेलो. संध्याकाळचं मीठ मागू नये, हे तिलाही माहीत असावं की काय या धास्तीनं दारातच उभा राहिलो. शब्द नव्हताच, जिभेला बोट लावून दाखवलं. आजीनं आत जाऊन पळसाच्या पानाच्या द्रोणात मीठ आणलं, मूठ-दीड मूठ.

त्या भागात मीठ देणं म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पूर्वी व्यापारी मापभर मीठ देऊन मापभर चारोळी घेऊन जात, असं म्हातारी माणसं सांगतात. चारोळी आज काय भावानं मिळते ते किराणा दुकानात विचारून बघा.

नाले उतरले, बायको आली, बाजार भरला. मी दोन किलो मीठ घेतलं आणि ताठ मानेनं आजीकडं नेऊन ठेवलं. तिनं पिशवीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी विचारलं. तिचा नातू आश्रमशाळेत शिकतो, त्याला मराठी येतं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "आजी विचारते, तू गाव सोडून चाललास का?"

हिशेब चुकता करतो तो जाणारा माणूस. राहणाऱ्याचं थोडं देणं राहतं, थोडं येणं राहतं. पिशवी तिनं मला परत न्यायला लावली. चार दिवसांनी नातू आला, टॉर्चला दोन सेल मागायला. दिले. मग कुणी छत्री नेली, कुणी पान्हा. मी कुणाचा विळा आणला, कुणाच्या ढोलीतलं पायलीभर धान. (ढोली म्हणजे आपली कणगीच, बांबूची, शेणानं सारवलेली.) माडिया मी या देण्याघेण्यातच शिकलो, म्हणून मला वस्तूंची नावं येतात आणि व्याकरण अजून येत नाही.

पंगतीत कुणी म्हणतं, "वा, काय निसर्ग असंल." असतो. पण वाट तुटणं यात रम्य काही नाही. दिवस भरत आलेल्या बाईला माहेरघरात आधीच नेऊन ठेवायचं असतं, म्हणजे दवाखान्याजवळच्या त्या खोल्यांत. बाई म्हणते, घरी लेकरं आहेत, धान आहे, मी नाही येत. बायको तिच्या उंबऱ्यावर तासन् तास बसून राहते. एकदा ऐकलं नाही, आणि आम्ही आठ जणांनी खाट खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून नाला पार केला. दोघंही वाचली. त्या रात्री मला झोप आली नाही आणि जागा बघून भाळलेल्या लोकांचा तेव्हापासून राग येतो. पर्लकोटेवर उंच पुलाचं काम निघालं, तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या शेताला बोअर लागलं असतं तरी झाला नसता.

गेल्या दिवाळीत आईनं फोनवर विचारलं, "बाळा, परत कधी येतं तू? शेत वाट पाह्यते." मी म्हटलं, "येतो, पण लोकांचं देणं आहे." ती घाबरली, पैशाचं समजली. समजावता समजावता रेंज गेली.

तर सध्याचं असं आहे. मी द्यायचं: आजीचं पायलीभर धान, पलीकडच्या भावाचा विळा, आणि ग्रामसभेला एक दिवसाचं श्रमदान. मला यायचं: चार सेल, एक पान्हा, आणि छत्री. छत्री बहुतेक गेली.