पावती दुसऱ्याच्या नावाची

पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसून मला अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं, हप्ता थकला की आम्ही कर्जदाराच्या दारात उभे राहतो. खरं तर पहिला फोन जामीनदाराला जातो. कर्जदार धंदा गुंडाळून गावाला निघून गेलेला असतो. जामीनदार कुठे जाणार? त्याची नोकरी असते, पगारपत्रक आमच्या फायलीत असतं आणि त्याला चारचौघांची लाज असते. आमची अर्धी वसुली त्या लाजेवर चालते.

असेच एक जामीनदार काका एका शाळेत शिपाई आहेत, पगार हातात एकवीस हजार. शेजाऱ्याच्या वडापावच्या गाडीला दीड लाखाचं कर्ज हवं होतं, तेव्हा ते जामीन राहिले. व्याज १४ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता ५,१२६ रुपये. शेजाऱ्याने अकरा हप्ते भरले. मग स्वारगेटची गाडी उठली आणि तोही उठला. दुसऱ्या जामीनदाराची नोकरी तोवर सुटली होती. राहिले काका. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढू, शाळेला पगारकपातीचं पत्र पाठवू, असा फोन मीच केला होता. शाळेत पत्र नको म्हणून ते दर महिन्याला स्वतः येऊन पैसे भरायला लागले.

पावती मात्र कर्जदाराच्याच नावाने निघते. आमच्या सॉफ्टवेअरला पैसे भरणाऱ्याचं नाव ठाऊकच नाही. तीनदा लेखी दिलं, ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ हेच उत्तर. मग काका पावतीच्या मागे स्वतःचं नाव लिहितात, खाली माझी सही घेतात आणि ती चितळ्यांच्या बाकरवडीच्या पिशवीत ठेवतात. अशा चौदा पावत्या झाल्या होत्या.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. या दिवसांत आमच्या मॅनेजरना थकबाकीच्या टक्क्यापलीकडे काही दिसत नाही. दुपारी एक बाई पिग्मी मोडायला आल्या. सहकारनगरात पोळ्यांची कामं करतात, रोज शंभर रुपये एजंटकडे द्यायच्या. जमा २३,७००. मधलं नाव आणि दत्तवाडीचा पत्ता वाचला आणि ओळखलं, त्या वडापाववाल्याची बायको. मुलीची फी भरायची होती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख.

मॅनेजर म्हणाले, “संमतीपत्र घ्या आणि सगळी रक्कम कर्जखात्याला वर्ग करा.”

ठेव बाईंची, कर्ज नवऱ्याचं, बाई जामीनदारही नाहीत. त्यांच्या संमतीशिवाय त्या पैशाला आम्हाला हात लावता येत नाही. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी चार ओळी लिहिल्या, कागद पुढे सरकवला आणि म्हणालो, “इथे सही करा.” पिग्मी मोडायचाच अर्ज समजून त्यांनी सही केली.

तेवढ्यात काका आले. “वहिनी, तुम्ही इथे?” फीचं सगळं ऐकलं. मग टेबलावरचा कागद उचलून चष्मा लावून सावकाश वाचला. वहिनींना म्हणाले, “हे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. हे कर्जात जाणारेत.”

मी म्हणालो, “अहो काका, हे तुमच्यासाठीच चाललंय. तुमचे साडेचार हप्ते कमी होतील.”

“माझ्यासाठी करायचं होतं, तर माझी सही घेताना सांगायचं होतं ना साहेब.”

त्यांचा जामीनाचा कागदही मीच भरला होता. करार कायद्याचं कलम १२८ मला तेव्हाही पाठ होतं, जामीनदार कर्जदाराइतकाच देणेकरी असतो. तरी म्हणालो होतो, “नुसती सही आहे काका, फॉर्मॅलिटी.” सगळ्यांनाच तसं सांगतो. खरं सांगितलं तर कुणी जामीन राहणार नाही, कर्जवाटप होणार नाही, आणि मग मॅनेजर मला विचारणार.

काकांनी कागद परत ठेवला. फाडला नाही, भांडले नाहीत. खिशातून पैसे काढून मोजले, ५,१२६. मी पंधरावी पावती काढली, मागे सही केली. मग बाईंचं पिग्मीचं व्हाउचर भरलं आणि कॅशियरकडे पाठवलं. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज मिळालं नाही. दोघं बरोबरच बाहेर पडले. काकांनी वहिनींना एका शब्दाने नवऱ्याबद्दल विचारलेलं मी ऐकलं नाही.

मॅनेजरना सांगितलं, बाई सही द्यायला तयार झाल्या नाहीत. ते म्हणाले, “तुम्हाला लोकांना पटवता येत नाही.”

सही केलेलं ते संमतीपत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काकांचे दहा हप्ते बाकी आहेत, दंडव्याज वेगळं.