गुरुजी राहणार कुठे?

"इमारतीला पैसे मिळतील हो, पण गुरुजी रात्री राहणार कुठे?" नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी आज शाळेच्या इमारतीसाठी भरलेल्या देणगीदारांच्या बैठकीत असे विचारले आणि नामफलकाच्या आकारावर रंगलेली चर्चा थांबली, अर्थात क्षणभरच. अंदाजपत्रकात भिंती, पत्रे, रंग, फलक असे सारे काही होते, शिक्षकनिवास मात्र नव्हता.

सातपुड्यात एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले असतात. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. परंतु मध्ये दरी आणि पावसाळ्यात फुगलेला नाला असेल, तर त्या १ किलोमीटरला अर्थ उरत नाही, आणि तालुक्याच्या गावाहून, म्हणजे धडगावहून, ये-जा करणारे शिक्षकही नेमके त्याच दिवसांत अडकतात. नर्मदा बचाओ आंदोलनाने सुरू केलेल्या नर्मदाकाठच्या जीवनशाळा निवासी आहेत, तेथे मुलांबरोबर शिक्षकही मुक्कामाला असतात, ही गोष्ट इमारत बांधायला निघालेल्या आपल्यासारख्यांनी आधी पाहायला हवी होती, असे मला वाटते.

तुमच्या माहितीतल्या डोंगरी शाळांमध्ये शिक्षक गावातच राहतात का, आणि राहत असतील तर कोणाच्या घरी?