तुम्ही विचारलंत म्हणून : ऑपरेशन छातीचं, मग सगळं अंग का सुजलं?

बायपासनंतर आयसीयूच्या दाराशी नातेवाईक मला हमखास विचारतात. कुणी निपाणीकडचे असतात, कुणी खानापूरच्या आतल्या गावचे. "सर, ऑपरेशन छातीचं झालं की, मग आबांचं तोंड, हात का सुजलेत? अंग कोमट लागतंय, सीआरपी पण वाढलाय म्हणे. जंतू शिरले काय?" (सीआरपी म्हणजे अंगातला दाह, म्हणजे सूज-गरमपणा, किती ते दाखवणारी रक्ताची तपासणी.)

मी परफ्युजनिस्ट. बेळगावात ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवतो. सूज यायला माझं मशीनही एक कारण असतं, त्यामुळं उत्तर मीच द्यायला हवं.

टाके घालेपर्यंत हृदय थांबवलेलं असतं. तेवढा वेळ रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून बाहेर येतं, ऑक्सिजन घेऊन परत आत जातं. अमेरिकेतले सर्जन जॉन गिबन यांनी १९५३ साली असं मशीन वापरून हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. मशीनं तेव्हापासून खूप सुधारली, रक्ताचा स्वभाव मात्र तोच राहिला. रक्ताला रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचीच सवय. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, पण जिवंत. नायट्रिक ऑक्साइड सोडून ते वाहिनी सैल ठेवतं, गुठळी धरू देत नाही. या नायट्रिक ऑक्साइडचं काम ओळखणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. प्लास्टिक लागलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी चवताळतात आणि दाह अंगभर पसरतो. छातीच्या जखमेची, थांबलेल्या हृदयात पुन्हा रक्त सोडण्याची त्यात भर. अस्तर काही दिवस ढिलं पडतं, त्यातून पाणी झिरपतं. शिवाय नळ्या भरायला लिटरभर द्रव आम्हीच घातलेला असतो. आबांचं तोंड सुजतं ते यानं.

सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातो आणि मग उतरतो. तेवढ्यावरून जंतू ठरत नाहीत. उतरलेला ताप पुन्हा चढला, जखमेतून पाणी-पू आला, छातीचं हाड कटकट वाजलं किंवा दम लागला, तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.

सूज ओसरते, पण अस्तराचं दुखणं तिथं संपत नाही, आणि मला खरं बोलायचं असतं ते याबद्दल. बायपास म्हणजे तुंबलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणं, आणि त्यासाठी बहुतेकदा पायातली शीर काढून लावतात. ही शीर आयुष्यभर कमी दाबावर जगलेली. तिला हृदयावर जोडणं म्हणजे पाटाच्या सरीत मोटारीचं पाणी सोडणं. तिचं अस्तर दुखावतं, भिंत जाड होत जाते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात. छातीच्या आतली धमनी जोडली असेल तर ती दहांत नऊ वेळा उघडी असते, कारण तिचं अस्तर मुळातच दणकट, नायट्रिक ऑक्साइडही जास्त सोडणारं.

निपाणीच्या भागात तंबाखूवर घरं चालली, बिडीच्या मजुरीवर पोरं शिकली. त्या माणसांना तंबाखूला नावं ठेवताना मला जड जातं. तरीही बोलतो. धुरानं हे नायट्रिक ऑक्साइड मरतं. आबांनी बिडी सोडली आणि त्याच खोलीत मुलगा ओढत बसला, तरी नव्या शिरेला इजा होतेच. वहिनी, हे त्याला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल.

आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी मनानं थांबवू नका. ती दाह कमी करते, अस्तरही सांभाळते. ॲस्पिरिनचंही तसंच, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही.