तुम्ही विचारलेत म्हणून: ॲरेलिस्ट असताना साधा ॲरे कशाला शिकायचा?

इंदूरमध्ये मी महाविद्यालयीन मुलामुलींना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. तिच्यात ॲरे म्हणजे ओळीने ठेवलेल्या ठरावीक जागांची रांग, आणि ॲरेलिस्ट म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारी यादी. वर्गातले बोलणे हिंदी-इंग्रजीत चालते, पण राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतून येणारे विद्यार्थी शंका विचारताना सहज मराठीवर येतात, आणि त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: “मॅडम, दादा सुपर कॉरिडॉरला आयटी कंपनीत नोकरी करतो. तो म्हणतो, कामात साधा ॲरे कुणी वापरत नाही, सगळीकडे ॲरेलिस्टच असते. मग आपण इतके तास ॲरेवर का घालवतो?” प्रश्न रास्त आहे आणि दादाचे निरीक्षणही बरेचसे खरे आहे. तरीही मी शिकवण्याचा क्रम बदललेला नाही. त्याचे कारण वर्गाच्या गडबडीत नीट सांगता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

कारण असे की ॲरेलिस्टच्या आत साधा ॲरेच असतो. ज्या ॲरेचा आकार एकदा ठरला की बदलत नाही, जो अपुरा पडतो म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, तोच ॲरे ॲरेलिस्ट आपल्या पोटात बाळगते आणि त्याच्या जोरावर “मी हवी तेवढी वाढते” असे आपल्याला भासवते. तिचा वेग आणि तिच्यामुळे होणारे जवळजवळ सगळे घोटाळे या एका गोष्टीतून निघतात. ज्याला ॲरे कळला आहे त्याला हे घोटाळे आधीच दिसतात. ज्याला तो कळलेला नाही तो प्रत्येक घोटाळ्याचा वेगळा नियम पाठ करत बसतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. वसाहतीतल्या गणेशोत्सवातील स्पर्धांसाठी नावनोंदणीचा प्रोग्राम लिहायचा आहे. किती नावे येतील हे आधी कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे आपण रिकामी ॲरेलिस्ट तयार करतो आणि नावे येतील तशी तिच्यात घालत जातो. आठव्या आवृत्तीपासूनच्या जावामध्ये पहिले नाव येताच आत दहा जागांचा ॲरे घेतला जातो. अकरावे नाव आले की जागा उरलेली नसते. ॲरे ताणता येत नाही, म्हणून ॲरेलिस्ट मोठा नवा ॲरे घेते, जुन्यातली दहाही नावे त्यात उतरवते, अकरावे लिहिते आणि जुना ॲरे सोडून देते. पाने संपलेली वही बाजूला ठेवून मोठ्या वहीत सगळ्या नोंदी पुन्हा उतरवाव्यात, तसेच हे काम आहे. ‘वाढणे’ म्हणून जे दिसते ते प्रत्यक्षात नक्कल करणे असते.

आता नवा ॲरे किती मोठा घ्यायचा, हा या रचनेतला सर्वांत सुंदर प्रश्न आहे, आणि त्यावर मी वर्गात घाई करत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या जावामध्ये जुन्या आकारात त्याचा निम्मा भाग मिळवतात: 10 नंतर 15, मग 22, 33, 49, 73 असे आकडे पुढे सरकतात. मुलांना वाटते की दर वेळी दहा-दहा जागा वाढवल्या असत्या तर मेमरी कमी वाया गेली असती. तेव्हा मी त्यांना कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायला लावते. एक हजार नावांसाठी दहा-दहाने वाढत गेलो, तर नावे उतरवण्याची कृती 49,500 वेळा करावी लागते. दीडपटीने वाढलो तर 2,456 वेळा. एक लाख नावांसाठी हाच फरक डोळे विस्फारायला लावतो: दहा-दहाच्या पद्धतीत सुमारे 50 कोटी नकला होतात, दीडपटीच्या पद्धतीत 2,13,413. म्हणजे एका नावामागे सरासरी दोनच्या आसपास नकला, आणि यादी कितीही लांबली तरी ही सरासरी तीनच्या फारशी पुढे जात नाही. एखादे नाव घालताना अचानक मोठे काम निघते, पण त्या कामाचा भार आधीच्या स्वस्त कृतींवर वाटला गेला की प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच येते. अशा वाटून केलेल्या हिशेबाला संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये एका शोधनिबंधातून पद्धतशीर रूप दिले. जावाच्या अधिकृत दस्तऐवजात ‘दीडपट’ हा आकडा मुद्दाम दिलेला नाही. सरासरी खर्च स्थिर राहील, एवढेच वचन त्यात आहे. पायथन या भाषेतली लिस्ट साधारण एक-अष्टमांशाने वाढते, सी-शार्प या भाषेतली दुपटीने. आकडा बदलतो, पण पटीने वाढण्याचे तत्त्व सगळीकडे तेच.

याच ठिकाणी दोन संख्या वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. आतल्या ॲरेत जागा किती आहेत ही क्षमता, आणि त्यांपैकी भरलेल्या किती हा आकार. एक हजार जागांची ॲरेलिस्ट मागून तयार केली आणि लगेच तिच्या शून्याव्या, म्हणजे पहिल्याच जागी (जावात जागा शून्यापासून मोजतात) नाव ठेवायला गेले तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, आणि विद्यार्थी चक्रावतात. साध्या ॲरेत हजार जागा मागितल्या की हजार जागा खरोखर वापरता येतात. ॲरेलिस्टकडे हजार मागितल्या तर क्षमता हजार होते, आकार शून्यच राहतो. नावांचा अंदाज आधी असेल तर क्षमता सांगून ठेवणे चांगले, पण त्याचा बाऊ करू नये. लाख नावांसाठी आतला ॲरे फक्त 23 वेळा बदलावा लागतो. यादी रिकामी केली तरी तो मोठा ॲरे तसाच राहतो, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

यादीच्या शेवटी नाव घालणे स्वस्त आणि हव्या त्या क्रमांकाचे नाव वाचणे तर अगदीच स्वस्त, कारण ॲरेच्या जागा मेमरीत ओळीने असतात आणि पत्ता गुणाकार-बेरजेने निघतो. याच्या उलट सुरुवातीचे नाव काढले की मागची सगळी नावे एकेक जागा पुढे सरकवावी लागतात. नावनोंदणीच्या खिडकीवर आलेल्यांना क्रमाने बोलवायचे असेल आणि त्यासाठी कुणी दर वेळी शून्याव्या जागेचे नाव काढत असेल, तर ती यादीची चुकीची निवड आहे. तिथे दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारा ॲरेडेक घ्यावा. त्याच्या आतही ॲरेच असतो, मात्र सुरुवात आणि शेवट त्यात गोलाकार फिरतात, त्यामुळे काहीच सरकवावे लागत नाही.

नावे काढण्याचा विषय निघाला की सगळ्यांत जास्त चुका समोर येतात, आणि माझ्या मते मुलाखत घेणाऱ्यांनी विचारावा असा खरा भाग हाच आहे. समजा, शुल्क न भरलेल्यांची नावे यादीतून काढायची आहेत. विद्यार्थी शून्यापासून शेवटपर्यंत जाणारा लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारा कोड) लिहितात आणि नको असलेले नाव दिसले की काढून टाकतात. तिसऱ्या जागेचे नाव काढले की चौथ्या जागेचे नाव सरकून तिसऱ्या जागी येते, लूप मात्र चौथ्या जागेकडे निघून गेलेला असतो, म्हणून सरकून आलेल्या नावाकडे कुणी पाहतच नाही. शुल्क न भरलेले दोघे लागोपाठ असतील तर दुसरा सुखरूप यादीत राहतो. प्रोग्राम कोणतीही चूक दाखवत नाही, चाचणीत अशी जोडी नसेल तर उत्तरही बरोबर येते, आणि चूक थेट उत्सवाच्या दिवशी प्रकट होते.

क्रमांकाऐवजी ‘प्रत्येक नावासाठी’ असा लूप लिहिला तर जावा निदान राखण करते. यादीत किती वेळा फेरफार झाले याची मोजणी ॲरेलिस्ट ठेवते. लूप सुरू होताना त्या मोजणीचा आकडा टिपून घेतला जातो, आणि पुढचे नाव मागताना तो जुळला नाही तर काम तिथेच थांबवले जाते. पण या राखणीलाही एक फट आहे. शेवटून दुसरे नाव काढले, तर आकार एकाने कमी होऊन लूपला वाटते की यादी संपली; तो पुढचे नाव मागतच नाही, त्यामुळे तपासणी होत नाही आणि शेवटचे नाव न पाहताच लूप गुपचूप बाहेर पडतो. हे मी फळ्यावर चौकटी आखून दाखवते, कारण चौकटी सरकताना डोळ्यांनी पाहिल्या की नियम पाठ करावा लागत नाही. शेवटाकडून सुरुवातीकडे येणारा लूप लिहिला की सरकण्याचा त्रास होत नाही, कारण सरकतात ती आधीच तपासलेली नावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे 2014 साली आलेल्या आठव्या आवृत्तीतील ‘रिमूव्हइफ’ ही क्रिया: अट सांगायची आणि काम तिच्यावर सोपवायचे. ती ठेवायची नावे एकदाच जागेवर बसवते, दर वेळी सगळी शेपटी सरकवत नाही.

आणखी एक घोटाळा आतल्या ॲरेच्या प्रकारामुळे होतो. तो ॲरे ऑब्जेक्टचे संदर्भ, म्हणजे ती वस्तू मेमरीत कुठे आहे याचे पत्ते, ठेवणारा असतो, साध्या संख्या त्यात राहू शकत नाहीत, म्हणून 2004 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून जावा संख्येला आपसूक इंटिजर या वेष्टनात घालते. परिणाम असा, की संख्यांच्या यादीतून ‘5 काढ’ असे म्हटले तर 5 ही संख्या निघत नाही, पाचव्या क्रमांकाच्या जागेवरचे जे असेल ते निघते. शिवाय दोन वेष्टने दुहेरी बरोबरच्या चिन्हाने (==) ताडून पाहिली तर -128 ते 127 पर्यंतच्या संख्यांना बरोबर उत्तर येते आणि त्यापुढे ते चुकू शकते, कारण तेवढ्याच संख्यांची तयार वेष्टने जावा हमखास वाटून वापरते. तुलनेसाठी आतली किंमत ताडणारे ‘इक्वल्स’च वापरावे.

एखादे नाव आधी नोंदले गेले आहे का, हे पाहण्यासाठी ‘कन्टेन्स’ वापरतात. ती पहिल्या नावापासून एकेक तपासत जाते. स्पर्धेच्या यादीला ते चालते. लाख वेगवेगळी नावे अशी तपासत घातली तर सुमारे 500 कोटी तुलना होतात. तिथे एकेक न तपासता जवळजवळ थेट शोधणारा हॅशसेट हवा, आणि नोंदणीचा क्रमही टिकवायचा असेल तर लिंक्डहॅशसेट.

मग लिंक्डलिस्टचे, म्हणजे ज्यात प्रत्येक घटक शेजारच्या घटकांचे दुवे ठेवतो त्या यादीचे काय, असे पुढचे वाक्य असतेच. पुस्तकांत लिहिलेले असते की मध्ये नाव घालायचे किंवा काढायचे असेल तर लिंक्डलिस्ट वापरावी. हे वाक्य अर्धे आहे. दुवे जोडणे स्वस्त आहे हे खरे, पण त्या जागेपर्यंत एकेक दुवा चालत जावे लागते, आणि तो प्रवासच महाग असतो. नेहमीच्या 64-बिट जावामध्ये तिच्या प्रत्येक घटकासाठी 24 बाइट लागतात, ॲरेलिस्टमध्ये एका संदर्भाला चार. शिवाय ते घटक मेमरीत विखुरलेले असतात, तर ओळीने ठेवलेला ॲरे प्रोसेसर झपाट्याने वाचतो. जावाची ही सगळी संग्रहरचना 1998 साली 1.2 या आवृत्तीत आली आणि तिचे मुख्य शिल्पकार जोशुआ ब्लॉक; लिंक्डलिस्ट लिहिणाऱ्या या माणसानेच आपण ती वापरत नसल्याचे पुढे जाहीरपणे सांगितले. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: दुसरे कारण सापडेपर्यंत ॲरेलिस्ट घ्यावी. मी लिंक्डलिस्ट शिकवते ती दुवे समजावेत म्हणून, वापरावी म्हणून नव्हे.

ॲरेचे तास संपले की मी विद्यार्थ्यांकडून स्वतःची छोटी वाढणारी यादी लिहून घेते: आत एक ॲरे, एक आकाराची संख्या, आणि घालणे, वाचणे, काढणे एवढ्या तीन क्रिया. ती दोनेक पानांत मावते. ती नोकरीत वापरू नये. तिथे जावासोबत येणारी, वर्षानुवर्षे तपासली गेलेली ॲरेलिस्टच वापरावी. पण एकदा ती स्वतः लिहिली की दादाच्या कंपनीतला कोडही मुलांना उघडून वाचता येतो.

आणि साधा ॲरे कुणीच वापरत नाही, हे दादाचे म्हणणे मात्र थोडे दुरुस्त करायला हवे. बुद्धिबळाच्या पटाला 64 घरेच असतात, वर्षाच्या पावसाच्या नोंदीला बारा महिनेच. तिथे वाढायचे काही नसते. छायाचित्रातले ठिपके किंवा ध्वनिमुद्रणातले नमुने हे तर संख्यांचे डोंगर असतात. साध्या ॲरेत एका पूर्णांकाला चार बाइट पुरतात, ॲरेलिस्टमध्ये संदर्भाचे चार आणि वेष्टनाचे सोळा मिळून वीस लागू शकतात. अशा कामांत आजही थेट ॲरेच घेतात, आणि तिथे आकार आधी ठरवून घेणे ही अडचण नसून सोय असते.