कुलूप लावलेला पाडा

संक्रांत उलटली होती. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्याची रस्त्यासाठीची पाहणी माझ्याकडे आली होती. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात आदिवासी भागातली वस्ती किमान २५० लोकांची असेल तर तिला बारमाही रस्ता मिळू शकतो. सपाटीवर हीच अट ५०० ची आहे. लोकसंख्या धरायची ती २०११ च्या जनगणनेची.

कागदोपत्री गाव जोडलेलंच आहे. गावठाणापर्यंत डांबर आहे, एसटी येते. पण जनगणनेचा छापील आकडा अख्ख्या महसुली गावाचा असतो आणि नदीपलीकडचे पाडे त्यातच जमा. पलीकडे जायला साधा साकवसुद्धा नाही. हिवाळ्यात दगडांवर पाय ठेवत पार होता येतं. पावसाळ्यात दिवस भरलेल्या बाईला डोलीत घालून काठापर्यंत आणायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. १०८ ची गाडी अलीकडच्या काठाला थांबते.

अंगणवाडीच्या ताई सोबत होत्या. चढण संपवून पाड्यावर आलो तर पहिल्या दाराला कुलूप, दुसऱ्यालाही कुलूप. काही दारं नुसती सुतळीने बांधलेली. मागे राहिली होती ती म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली काही पोरं. भाताची झोडणी उरकली की दिवाळीनंतर इथली जोडपी आगाऊ पैशांची उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

"होळीला या साहेब," ओट्यावर बसलेले एक बाबा म्हणाले, "तेव्हा बघा पाडा किती भरतो."

ताईंनी पिशवीतून कुटुंबांची नोंदवही काढली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. नावं, वयं, जन्म सगळं शाईने. आणि कितीतरी नावांपुढे पेन्सिलने एकच शब्द, 'भट्टी'. पावसाळ्यात तो खोडायचा, दिवाळीनंतर पुन्हा लिहायचा. खोडून खोडून त्या जागी कागद इतका विरला होता की मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती.

वहीप्रमाणे पाडा अडीचशेच्या पुढे जात होता. २०११ च्या आकड्यावरून काढलेल्या माझ्या तक्त्यात तो खाली होता.

नंतर जन्मलेली पोरं वजा केली तरी फरक उरतच होता, आणि त्याचं कारण तारखांत आहे. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या सबंध काळात जो माणूस घरापासून दूर असतो तो घरच्या यादीत धरत नाहीत. जिथे असेल तिथे मोजतात. भट्ट्या ऐन भरात असतात तो हाच महिना. होळी त्या वर्षी १९ मार्चला होती. सणाला माणसं घरी आली तेव्हा मोजणी आटोपलेली होती. मला हे अजिबात पटत नाही. त्यांची जमीन इथे, रेशनकार्ड इथे, मतदान इथे. मुलं आजारी पडतात तीही भर पावसात इथेच. भट्टीवरच्या झोपडीत वाढलेल्या आकड्याने या पाड्याचा रस्ता का अडावा?

तक्त्यातला आकडा बदलायचा अधिकार मला नव्हता. अहवालासोबत मी वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, कुलूप लावलेल्या घरांचे फोटो जोडले आणि अभिप्रायात स्थलांतराचा महिना, मोजणीचा महिना, दोन्ही स्पष्ट लिहिले. निर्णय वरच्या कार्यालयात व्हायचा आहे.

पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, हे मी ताईंना सांगितलं. होळी तेव्हाही मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे नंतरच.

"मधे एखादी रात्र घरी आले तरी धरतात का, साहेब?"

"धरतात. मोजणीच्या काळात घरी राहून गेले असले पाहिजेत."

उचल घेतलेल्या माणसाला हंगामात एका रात्रीची सुट्टी मिळणंही कठीण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी ताईंनी बाबांसमोर वही उघडली आणि कुणाचा मुकादम कोण, कुणाचा फोन लागतो, हे विचारून नावापुढे लिहायला सुरुवात केली.