आमची वाटचाल : पडद्याच्या वरच्या फटीपासून

बाबांचं नागपूरच्या महाल भागातलं दुकान म्हणजे पडदे, सोफा कव्हर, गादीच्या खोळी शिवून द्यायचं साधं काम, दोन मशिनी आणि एक मास्टर. कापड गांधीबागेच्या बाजारातून यायचं, गिऱ्हाईक रंग बघायचं, झालर बघायचं, धुतल्यावर आटणार तर नाही ना एवढं विचारायचं. खिडकी कुठल्या दिशेला आहे हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. आता आम्ही ऊन अडवणारे पडदे शिवतो, आणि माप घ्यायला गेलो की आमचा पहिला प्रश्न तोच असतो.

हे बदललं 2013 च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी 23 मे ला नागपुरात 47.9 डिग्री तापमान होतं, ज्यांनी तो दिवस काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमचं घर वरच्या मजल्यावर, आईची खोली पश्चिमेची, आणि तिचं ऑपरेशन झालेलं म्हणून दीड टनाचा एसी हप्त्यावर घेतला होता. तो सकाळी छान चालायचा आणि दुपारी तीननंतर नुसता घरघरायचा, खोली काही थंड व्हायची नाही. मेकॅनिक दोनदा गॅस चेक करून गेला, गॅस बरोबर होता. खिडकीला आमच्याच दुकानातला सगळ्यात जाड, मरून रंगाचा पडदा लावलेला. एका दुपारी अडकलेली रिंग सरकवायला मी स्टुलावर चढलो आणि हात रॉडच्या वर गेला, तर पडद्यामागून इतकी गरम हवा वर येत होती की चुलीवर हात धरल्यासारखं झालं.

तेव्हा कळलं की काय होतंय. ऊन काचेतून आत येतं, गडद पडदा ते शोषून तापतो, पडदा आणि काच यांच्यामधली हवा तापते आणि वरच्या फटीतून खोलीत येते, तिची जागा घ्यायला खालून खोलीतली थंड हवा पडद्यामागे ओढली जाते, आणि खिडकीवर ऊन असेपर्यंत हे चालू राहतं. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उघड्या काचेवर चौरस मीटरला साधारण 500 वॅट ऊन पडतं. आईची खिडकी 5 बाय 4 फूट, म्हणजे जवळपास दोन चौरस मीटर. कपड्यांची इस्त्री दुपारभर खोलीत चालू ठेवावी तसं ते झालं. आणि आम्ही इतकी वर्षं लोकांना सांगत होतो की जाड कापड घ्या, ऊन लागणार नाही.

मग दुकान बंद केल्यावर रात्री प्रयोग सुरू झाले. मी आणि मिसेस, तिचा हात शिवणकामात माझ्यापेक्षा साफ आहे. तीन थर ठरले: काचेकडे चंदेरी कोटिंगचं कापड, मध्ये पॉलिफिल म्हणजे कापसासारखं भरण, खोलीकडे फिक्या रंगाचं कॅसमेंट म्हणजे साधं सुती कापड. तापमान मोजायची गन आणली आणि पहिल्याच दिवशी फसलो, चंदेरी बाजूवर ती इतका कमी आकडा दाखवायची की आम्हाला वाटलं आपण जिंकलो. एका इंजिनिअर गिऱ्हाइकाने समजावलं की चकचकीत पृष्ठभागावर ही गन चुकते, त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून टेपवर मोजा. मोजलं तर खरा आकडा बराच वर होता. तेव्हापासून गनसोबत पिशवीत काळी टेप असतेच.

कापडापेक्षा जास्त फरक कडांनी पडला, हे मला सगळ्यात आवर्जून सांगायचंय. तोच पडदा नुसता रॉडवर लटकवला तर काम अर्धवट होतं. वर प्लायचा बंद पेलमेट म्हणजे रॉड झाकणारी पेटी, दोन्ही बाजूंना भिंतीवर वेल्क्रो पट्टी, खाली खिडकीच्या सिलवर (खालच्या कट्ट्यावर) टेकेल एवढी लांबी आणि कडेत वजनाची चेन घातली की हवेचं ते फिरणं थांबतं. म्हणून बजेट कमी असेल तर मी लोकांना सांगतो, भारी कापड सोडा, साधं घ्या पण पेलमेट बंद करून घ्या. हिवाळ्यातही तेच, तेव्हा हवा काचेजवळ गार होऊन खालून पायाशी येते एवढाच फरक.

एक चूक आम्हाला महागात पडली. एका घरी पडद्याऐवजी फॉइलची शीट आतून थेट काचेला चिकटवून दिली, काच टिंटेड होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, भाऊ काच तडकली. जाऊन बघितलं तर चिरा फ्रेमच्या कडेपासून निघालेल्या. टिंटेड काच आधीच ऊन पिते, त्यात आम्ही परत फेकलेलं ऊनही तिलाच गेलं, मधला भाग तापला आणि फ्रेममधली कड गार राहिली, त्या ताणाने ती गेली. काच आम्ही आमच्या पैशाने बदलून दिली आणि त्यानंतर काचेला काहीही चिकटवायचं बंद केलं, दोन-तीन इंच अंतर सोडूनच काम करतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर उत्तम, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. वाळ्याच्या ताट्या, बांबूच्या चिका म्हणजे काड्यांचे पडदे, सगळं बाहेरूनच लागायचं. एकदा आत आलेली उष्णता काच सहजासहजी परत जाऊ देत नाही. एका काकूंचा मुलगा जर्मनीत आहे, तो सुट्टीत आला तेव्हा सांगत होता की तिकडे घरोघरी खिडकीच्या बाहेरून रोलाडेन म्हणजे गुंडाळायच्या झडपा असतात, उन्हाळ्यात दिवसा खाली आणि रात्री वर. म्हणून जिथे बाल्कनी किंवा ग्रिल आहे तिथे आम्ही आधी बाहेरची चिक सुचवतो, बुरुडांकडून बनवून घेतो आणि मागे जाड कॅनव्हास लावतो. फक्त मे मधल्या वादळात ती फाटते, त्यामुळे खाली दोरी बांधायचे हूक हवेतच. बऱ्याच सोसायट्या बाहेर काही लावू देत नाहीत, तिथे आतला पडदा.

आता कूलरचं. विदर्भात अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक कूलरवालं, आणि इथे आम्ही सुरुवातीला लोकांचं नुकसानच केलं. सगळ्या खिडक्या बंद करून दिल्या आणि संध्याकाळपर्यंत घर चिकचिक झालं, गाद्या ओलसर, दमेकरी माणूस हैराण. कूलरची हवा आत येते तेवढीच बाहेर जायला वाट लागते. आता आम्ही कूलरच्या खिडकीला हात लावत नाही, पश्चिमेची बंद करतो आणि कूलरच्या समोरची सावलीतली खिडकी उघडी ठेवायला सांगतो. कूलरवर वीज फार वाचत नाही, तो खातोच कमी. पण खोली सुसह्य होते आणि एसी घ्यायचा खर्च एखादं वर्ष पुढे ढकलला जातो, हेही कमी नाही.

बिलाचं स्पष्ट सांगतो. पडद्याने बिल अर्धं होतं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. खरी बचत होते ती एसीचं तापमान वाढवता येतं म्हणून. आई आधी 22 वर ठेवायची, आता 26 वर आणि पंखा, आणि तिला गार लागतं. बीईई, म्हणजे वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, सांगते की एक डिग्री वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते, 2020 पासून नवीन एसी सुरूच 24 वर होतात ते यासाठीच. आणि महावितरणचे स्लॅब 100, 300, 500 युनिटला चढतात, म्हणजे वाचलेलं युनिट हे नेहमी सगळ्यात महागडं युनिट असतं. 310 वरून 290 वर आलेल्याला ते लगेच कळतं.

लॉकडाऊनमध्ये मास्क शिवून दिवस काढले, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. आज सहा मशिनी आहेत, चार ताया काम करतात, बाबा अजून रोज येतात आणि वेल्क्रोची शिलाई स्वतः तपासतात.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर सगळ्यांचे फोन एकदमच येतात आणि तेव्हा आम्ही पुरे पडत नाही, मनाला लागतं ते. म्हणून माप फेब्रुवारीत द्या. आणि आमच्याकडून घ्यायचं नसलं तरी यंदा एकदा दुपारी चार वाजता स्टुलावर चढून पश्चिमेच्या पडद्याच्या वर हात धरून बघा. गरम लागला तर आधी पुठ्ठ्याने ती फट बंद करा आणि दोन दिवस एसीचा आवाज ऐका.